सहा उपाशी कुंड्या

नांदेडच्या आमच्या जुन्या कॉलेजातून परवा फोन आला. बिरादार सर गेले, त्यांच्यावर स्मरणिका काढतोय, तुम्ही चार ओळी लिहून द्या, तुम्ही तर त्यांच्या सगळ्यात जवळचे. मी फोनवर 'हो हो' म्हणालो आणि ठेवल्यावर अर्धा तास एकटाच चिडत बसलो. जवळचा म्हणे! नऊ वर्षं मी त्या माणसाच्या काचेच्या बश्या धुतल्या. बश्या धुणाऱ्याला जवळचा म्हणत असतील, तर मी जवळचा.

तर लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो. तोंडावर मी त्याला कायम 'अहो सर' म्हटलं, मनात मात्र पहिल्या महिन्यापासून 'तो' म्हणत आलो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी बोलायला हवं होतं, ते राहून गेलं. आता इथं एकेरीच येणार. स्मरणिकेवाल्यांना नको असेल तर त्यांनी छापू नये.

मी शफी. आमचं घर कलईगरांचं. अब्बा जुन्या नांदेडात रस्त्याच्या कडेला खड्ड्यात निखारे पेटवून, भाता मारून लोकांच्या पितळी पातेल्यांना कलई करायचे. मी बी.एस्सी. झालो आणि कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून चिकटलो. चिकटलो म्हणजे काय, दर जूनला नवी तात्पुरती ऑर्डर. 'कायम' हा एक शब्द अम्मी पाचही वेळच्या नमाजानंतर मागायची. आणि तो शब्द ज्याच्या शिफारशीवर अडकला होता, तो हा बिरादार.

माणूस बुटका, काळा, निलंगा तालुक्यातल्या शेतकरी घरचा. घरी ऊस, तूर, बैलजोडी सगळं. हा एकटा शिकून प्राध्यापक झालेला. पँट-शर्ट इस्त्रीचा, पण आत कमरेला करदोडा, आणि करदोड्याला प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली. जगात त्या कपाटाला एकच किल्ली. कपाट उघडायचं झालं की शर्ट वर करून, कपाटाला पोट लावून उभा राहायचा. पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. त्याला ना खंत ना खेद. बोलणं अर्धं आमचं, अर्धं सीमेवरचं. भडकला की 'नोड इकडं!' म्हणून ओरडायचा. नोड म्हणजे बघ. नऊ वर्षांत मी जितकं बघितलं तितकं आमच्या खानदानात कोणी बघितलं नसेल.

मी धुतलेली प्रत्येक वस्तू, चंबू असो, नळी असो, बशी असो, तो खिडकीशी नेऊन उजेडाकडं धरायचा. एक डोळा मिटायचा. मग वस्तू माझ्या हातात परत द्यायचा आणि म्हणायचा, "परत." एवढंच. शिवी नाही, कारण नाही. परत. मी कलईगराचा पोरगा, भांडं चमकवणं आमच्या रक्तात. पहिल्या आठवड्यात मी राख लावून, चिंच लावून असे चंबू घासले की त्यात तोंड दिसावं. त्यानं उजेडाकडं धरले. "चमकतंय, पण स्वच्छ न्हाई. पाणी ओत. बघ, थेंब धरून राहिलं. स्वच्छ काचेवर पाणी थेंब धरत न्हाई, पसरतं. परत."

ती गोष्ट खरी होती, हे मला घरी जाऊन अब्बांच्या पेल्यावर पाणी ओतून बघावं लागलं. त्याचाच मला जास्त राग आला.

आता त्याचं वेड सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नांदेडहून समुद्र किती लांब! जन्मात ज्यांनी समुद्र बघितला नाही अशी निम्मी पोरं आमच्या वर्गात. आणि ह्या माणसानं कॉलेजच्या गच्चीवर समुद्रकाठची झाडं लावलेली. तिवर. खाऱ्या चिखलात उभं राहणारं झाड, मुळं चिखलातून वर बोटांसारखी बाहेर काढतं. रेल्वेत बसून थेट आंध्रात जायचा, गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथं, आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांत तिथला चिखल आणि रोपं भरून आणायचा. लोक त्याला मागून चिखल्या म्हणायचे. हे नाव मी ठेवलं, असं त्याला शेवटपर्यंत वाटायचं. मीच ठेवलं होतं.

कामून करता सर एवढं, असं मी एकदा विचारलं. त्या दिवशी त्याला बोलायची लहर होती.

"आमच्या गावी उसाला युरियाचं पोतं ओततात. पाऊस पडला की ते मांजरेत. मांजरा गोदावरीत. तुझ्या दारावरून जाते तीच गोदावरी, पुढं समुद्रात. आणि समुद्राच्या तोंडाशी हे झाड उभं. आपलं सगळं खरकटं ह्याच्या पायाशी जातं, शफी. ह्याच्या मुळाशी जिवाणू ऱ्हातात. हवेतला नत्र पकडून झाडाला भरवतात, बदल्यात झाड त्यांना गोड देतं. दोघांचा संसार चाललाय. आता वरून फुकटचा नत्र यायला लागला, तर ते जिवाणू काम करतील का सोडतील?"

"सोडतील की."

"मोजलंस?"

"न्हाई."

"मग बोलू नको."

मोजायचं म्हणजे असं. गच्चीवर सिमेंटच्या बारा कुंड्या. सहांना महिन्याला तोलून युरिया. सहांना काहीच नाही, नुसतं मिठाचं पाणी. त्या सहांना आम्ही उपाशी कुंड्या म्हणायचो. दर महिन्याला बाराही झाडांच्या मुळालगतचा चिमूटभर चिखल खरवडायचा, पाण्यात कालवायचा, पातळ करत करत न्यायचा आणि बशीतल्या जिवाणूंच्या खाद्याच्या, गोठलेल्या खिरीसारख्या थरावर पसरायचा. अठ्ठेचाळीस तासांनी बशीत ठिपके उठतात. एक ठिपका म्हणजे एका जिवाणूची वस्ती. ते ठिपके मोजायचे आणि वहीत लिहायचे. खतवाल्या कुंड्यांतले ठिपके वर्षागणिक कमी होत चाललेले, उपाश्यांतले टिकून. ह्यावर त्याची पीएच.डी. उभी राहायची होती. आणि ठिपके मोजायला कोण? शफी. नांदेडच्या मे महिन्यात गच्चीवर मिठाच्या पाण्याच्या बादल्या चढवायला कोण? तोच.

एकदा मला बरोबर नेलं आंध्रात. येताना डब्यात चिखलाचा वास असा सुटला की बायका पदर नाकाला लावून बसल्या. तिकीट तपासनीस आला, त्यानं डब्यांकडं बोट केलं. "क्या है इसमें?" बिरादारनं सरळ सांगितलं, "बॅक्टेरिया." पुढच्या स्टेशनात अख्खा डबा मोकळा. मी लाजेनं मेलो, आणि हा बाकावर आडवा होऊन म्हणतो, "बरं झालं. झोप आता."

माणसाला वेळकाळ असा नव्हताच. माझ्या बहिणीच्या निकाहाचा दिवस. मांडवात वऱ्हाड बसलेलं, मागं देगी चढलेल्या, मी नवी शेरवानी घालून धावून राहिलो. बघतो तर मांडवाच्या तोंडाशी बिरादार. मला क्षणभर बरं वाटलं, म्हटलं आला बाबा, माणसात आहे. जवळ गेलो तर हातात खोका.

"अठ्ठेचाळीस तास झाले."

"सर, आज बहिणीचं लग्न!"

"ठिपक्यांना सांग ते. उद्या एकात एक मिसळतील, मोजता येणार न्हाईत. मोजतोस का मी मोजू? माझ्या डोळ्याला ते बारके दिसत न्हाईत."

बिर्याणीच्या देगीमागं पाट टाकून मी शेरवानीत बश्या मोजल्या. काजी साहेब निकाह पढवत होते, आणि मी एकशे एक्काहत्तर, एकशे बाहत्तर. बहीण कबूल म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आजही ती टोमणा मारते. हा तोवर अब्बांजवळ बसलेला. मटण खात नव्हता, म्हणून अब्बांनी कलई केलेल्या पेल्यात शरबत दिलं. पेला त्यानं उजेडाकडं धरला. म्हटलं ह्यानं अब्बांना 'परत' म्हटलं तर मी नोकरी गेली चुलीत म्हणणार. त्यानं पाणी मागितलं, पेल्यावर ओतलं, बघितलं. "कलई चांगली हाय," म्हणाला, आणि शरबत प्यायला. अब्बा ते वाक्य मरेपर्यंत सांगत राहिले. नऊ वर्षांत त्या तोंडून मी ऐकलेली एकमेव तारीफ, तीही माझी नाही.

त्याचा आणखी एक कायदा होता. युरियाचा जार त्या किल्लीच्या कपाटात. दर वेळी जार काढला की आधी तोलायचा, खत काढायचं, परत तोलायचा, आणि वहीत लिहायचं. तारीख, वजन, सही. "वहीत न्हाई ते घडलं न्हाई," असं तो वर्गात, स्टाफरूमात, कुठंही म्हणायचा. हा कायदा लक्षात ठेवा.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते त्या पहाटे. नांदेडात भांडी हलली, आम्ही रस्त्यावर आलो, चहा पिऊन परत घरात गेलो. दुपारपर्यंत कळलं की तिकडं लातूरच्या बाजूला गावंच्या गावं बसली. बिरादार कॉलेजात आलाच नाही. त्याचं घर जाड दगड-मातीच्या भिंतींचं. त्याची आई, थोरला भाऊ आणि भावाची दोन लेकरं त्याच्याखाली राहिली. त्यानं आणि गावच्या लोकांनी हातानं माती उकरून त्यांना काढलं, असं नंतर कोणी कोणी सांगितलं.

प्राचार्यांनी विद्यार्थ्यांची तुकडी मदतीला पाठवली, बरोबर मला. मी अब्बांनाही नेलं. ढिगाऱ्यातून निघालेली भांडी चेपलेली, काळी पडलेली. पत्र्याच्या शेडमध्ये आलेल्या बायकांना स्वैपाकाला दुसरं काही नव्हतं. अब्बांनी तिथंच खड्डा खणला, भाता लावला, ठोकून ठोकून पातेली सरळ केली, कलई दिली. तीन आठवडे आम्ही तिथंच होतो. मी परत आलो तेव्हा बिरादार माझ्याआधी कामावर रुजू झालेला. गालफडं बसलेली, नखं तुटलेली. मी म्हणालो, "सर, लई वाईट झालं." तो म्हणाला, "महिन्याच्या बश्या राहिल्यात. लाग कामाला."

बश्या केल्या. अठ्ठेचाळीस तासांनी मोजायला बसलो, तर उपाशी कुंड्यांचे ठिपके निम्म्यावर. मला वाटलं मीच चुकलो. परत मोजले. तेवढेच. गच्चीवर गेलो, तर सहा वर्षं पिवळट राहिलेली उपाशी झाडं हिरवीगार, पोपटासारखी. मी खाली येऊन त्याला सांगितलं. मीच सांगितलं, हे ध्यानात घ्या. लपवायचं असतं तर सांगितलं असतं का?

तो धावत गच्चीवर गेला, धावत खाली आला, आणि भर व्हरांड्यात ओरडला. तिसऱ्या वर्षाची पोरं, तीन प्राध्यापक, शिपाई, सगळे उभे.

"नोड इकडं! उपाशी कुंड्यांत खत कुणी घातलं? सूड घेतलास व्हय रे माझ्यावर? सहा वर्षांची माती केलीस!"

मी म्हणालो, "अल्लाची कसम सर, मी हात लावला न्हाई." माझा आवाज एवढा बारका आला की मलाच तो खोटा वाटला.

त्यानं प्राचार्यांना लेखी दिलं. सहायकानं प्रयोगात ढवळाढवळ केली, त्यास कायम करू नये. संध्याकाळपर्यंत माझं नाव 'युरिया शफी' पडलं. पोरं जिन्यावरून ओरडून पळायची. घरी अम्मीनं विचारलं, "क्या हुआ रे बेटा?" मी हात धुवायला मोरीकडं वळलो. सात वर्षांच्या दुआ होत्या तिच्या.

आठवडाभर जेवण गेलं नाही. आणि मग बश्या धुता धुता डोक्यात आलं. अरे, युरिया कपाटात, किल्ली त्याच्या करदोड्याला. मी खत आणणार कुठून? बाजारातून आणलं म्हणतील. मग जार तोला! मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. बिरादारलाही बोलावलं. मी म्हणालो, "साहेब, भूकंपाआधीची शेवटची नोंद वहीत आहे. त्यानंतर जार काढल्याची नोंद न्हाई. आत्ता जार तोला. वजन तेवढंच भरलं तर खत मी बाहेरून आणलं, मी चोर, मला काढून टाका."

बिरादारनं शर्ट वर केला, कपाटाला पोट लावलं, जार काढला. काटा टेबलावर ठेवला. जार तोलला. कमी भरला. थोडा नाही, चांगला कमी.

मी जिंकलो होतो. खोटं कशाला बोलू, मला हसू येत होतं. मी म्हणालो, "किल्ली एक आहे सर. आणि ते तीन आठवडे मी तुमच्या गावाकडं पातेली ठोकत होतो. हजेरीपट बघा."

तो काट्याकडं बघत राहिला. मग कमरेला हात लावून किल्ली चाचपली, ती दुसऱ्याच कुणाची असावी अशी. म्हणाला, "हाव. मीच."

प्राचार्य म्हणाले, "म्हणजे?"

"गावाकडून आलो. वर गेलो. सहा झाडं उपाशी दिसली. मूठ टाकली. पिवळं पान दिसलं की शेतकऱ्याचा हात जातोच. सहा वर्षं धरून ठेवलेला. त्या दिवसांत धरवला न्हाई. रोज जात होतो बहुतेक. लिहायचं राहिलं. आठवत सुदिक न्हाई नीट."

प्राचार्य माणूस चांगला. त्यांनी मार्ग काढला. "बिरादार, घडलं ते घडलं. आधीचे सहा वर्षांचे आकडे आहेत ना? हे तीन आठवडे वगळा आणि प्रबंध द्या. कोण विचारतंय?"

"कुठल्या दिवसापासून वगळू?" तो म्हणाला. "मी जे केलं ते मला आठवत न्हाई. मग ह्याआधी कधी असं केलं नसंल कशावरून? ज्याला आपला हात आठवत न्हाई त्याचे आकडे कोण धरणार?"

त्यानं तिथंच वही उघडली, प्राचार्यांचा लाल पेन घेतला आणि लिहिलं: उपाशी कुंड्यांना खत मी घातले. शफीचा दोष नाही. सर्व आकडे बाद. खाली तारीख, सही. माझ्याविरुद्धचा कागद मागून घेतला आणि फाडला. सहा वर्षं, पीएच.डी., पुढची बढती, सगळं त्या तीन ओळींत गेलं. हे मोठं काम होतं, मी मान्य करतो. पण मला त्याचं काय?

मी म्हणालो, "सर, बाहेर चला. व्हरांड्यात सांगा हे. जिथं ओरडला तिथं."

"लिहिलंय की वहीत."

"वही कोण वाचतं? आळ चारचौघांत घेतला, तो चारचौघांतच उतरवा."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की त्याला खरंच कळलं नाही मी काय मागतोय. "वहीत लिहिलंय, शफी. आणखी काय पाह्यजे?" आणि जार उचलून निघून गेला.

मी त्याला कधी माफ केलं नाही ते ह्यासाठी. त्याच्या लेखी मी सुटलो होतो. वही बोलली, संपलं. पण ती वही कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्याच्या पोटाला. पुढच्या जूनला माझी कायमची ऑर्डर आली. अम्मीनं मोहल्ल्यात पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावरून आवाज आला, "युरिया शफी, पेढे कुठंय?" नवी पोरं आली तरी नाव जुनंच. स्टाफरूममध्ये एक प्राध्यापक दर वेळी चहा हातात घेऊन मला विचारायचे, "साखरच घातली ना रे?" सगळे हसायचे. बिरादार कोपऱ्यात बसून वही तपासायचा. त्याला एकदाही वाटलं नाही की मान वर करून दोन शब्द बोलावेत.

दोन वर्षं काढली आणि जिच्यासाठी मेलो ती कायमची नोकरी सोडून लातूरला गेलो. अम्मी चार दिवस बोलली नाही. लातुरात तेव्हा क्लासेसची लाट आलेली. गल्लोगल्ली पाट्या, एकेका खोलीत सहा-सहा पोरांच्या कॉट, मेसचे डबे, पहाटेपासून सायकलींची रांग. एका क्लासमध्ये मी आधी हॉल सांभाळायला लागलो. मग माईक, मग चाचणीचे पेपर, मग पोरांच्या शंका सोडवायला. पोरं मला 'शफी सर' म्हणतात. इथं मला कोणी युरिया म्हणत नाही, कारण इथं कोणाला माहीतच नाही. मला तेवढं पुरे होतं.

आणि एक दिवस क्लासच्या मालकांनी सांगितलं, परीक्षेआधीच्या उजळणीला नांदेडचे एक निवृत्त सर येणार आहेत, जीवशास्त्राचा माणूस पक्का आहे, बिरादार म्हणून. त्यांची सोय बघा.

सोय बघा! मी त्या सकाळी एक काम केलं. टेबलावर ठेवायचा पाण्याचा काचेचा ग्लास घेतला आणि त्याच्या काठावर अंगठा घासून तेलकट डाग ठेवला. मुद्दाम. मला माहीत होतं, तो ग्लास उजेडाकडं धरणार आणि 'परत' म्हणणार. आणि इतक्या वर्षांनी, तीनशे पोरांसमोर, माईक चालू असताना मी म्हणणार होतो, "तुम्हीच धुवा." चार दिवस मी ते दोन शब्द आरशासमोर घोकले होते. हसू नका.

तो आला. म्हातारा झालेला, शर्ट ढगळ. मला बघून "शफी, तू हितं व्हय," एवढंच म्हणाला, मी काल संध्याकाळी प्रयोगशाळेतून घरी गेलो असल्यासारखं. शिकवायला लागला. ग्लास टेबलावर तसाच. मी माईकच्या खटक्याशी उभा.

प्रश्नसंचातले प्रश्न चालले होते. पुढच्या बाकावरच्या मुलीनं एक वाचला. मातीत युरिया घातल्यास मुळांजवळच्या नत्र पकडणाऱ्या जिवाणूंचं काम: अ, वाढतं. ब, तेवढंच राहतं. क, कमी होतं. ड, सांगता येत नाही.

"क लिहा," तो म्हणाला. "मार्क पडतील."

मुलगी पुढचा प्रश्न वाचायला लागली. त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

"मला विचाराल तर मी ड लिहीन. मी सहा वर्षं हेच मोजलं. मोजणारा मी नव्हतो. तो तिथं माईकजवळ उभा हाय, तो होता. शफी. त्याचा एक ठिपका कधी चुकला न्हाई. प्रयोग माझ्या हातानं बिघडला आणि आळ मी त्याच्यावर घेतला. भर व्हरांड्यात. त्यानं काही केलं नव्हतं."

तीनशे माना माझ्याकडं वळल्या. माझ्या कानात नुसते पंखे वाजून राहिले होते. मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. ह्या पोरांना काय, सर खोकले तरी लिहून घेतील.

"सर, हे परीक्षेला आहे का? लिहून घ्यायचं?"

बिरादारनं क्षणभर विचार केला. "हाव," म्हणाला. "लिहून घ्या. हळू सांगतो. शफीनं काही केलं नव्हतं."

आणि तीनशे पेनं वह्यांवर चालायला लागली.

मला राग आला. खरं सांगतो, रागच आला. जे चारचौघं तेव्हा व्हरांड्यात होते ते कुठं, आणि ही चिल्लीपिल्ली कुठं! त्यांना काय फरक पडतो? पण मला माईकचा खटका दिसेना. मी तो उगाच एकदा बंद करून चालू केला.

त्याचा घसा कोरडा पडला होता. त्यानं ग्लास उचलला. मी सरळ उभा राहिलो. ते दोन शब्द माझ्या ओठांवर आले.

त्यानं ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात सगळं पाणी प्यायला. उजेडाकडं धरलाच नाही. मग माझ्याकडं बघून मान हलवली, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "पुढचा प्रश्न."

दुपारच्या एसटीनं तो निघून गेला. मी रिक्षापर्यंत पोचवायलाही गेलो नाही. हॉल रिकामा झाल्यावर ग्लास खिडकीशी नेला, एक डोळा मिटला. अंगठ्याचा डाग तसाच होता. नळाखाली धुतला, उजेडाकडं धरला. पाणी थेंब धरून होतं. परत धुतला.